‘एकवर्षायू’ उद्यान-वनस्पतींचे घरातील हिवाळी संगोपन : एक शास्त्रीय विवेचन

सारांश

थंड हवामानाच्या देशांत अनेक फुलझाडे ‘एकवर्षायू’ म्हणून दर वसंत ऋतूत विकत घेतली जातात आणि पहिला हिमतुषार पडताच टाकून दिली जातात. यांपैकी बरीच झाडे आपापल्या मूळ प्रदेशात बहुवर्षायू आहेत. त्यांचे एक वर्षाचे आयुष्य त्यांच्या स्वभावातून आलेले नसून ज्या भूमीत ती लावली गेली तेथील हिवाळ्याने त्यांच्यावर लादलेले आहे. अशी झाडे हिवाळ्यापुरती घरात आणून जगवता येतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील वनस्पतिशास्त्रीय तत्त्वे, तिचा इतिहास, प्रत्यक्ष मार्ग व मर्यादा यांचे विवेचन केले असून, आयुर्मानानुसार केल्या जाणाऱ्या वर्गीकरणाच्या अध्यापनाविषयी काही विचार मांडले आहेत.

बीजशब्द : एकवर्षायू, बहुवर्षायू, हिमतुषार, सुप्तावस्था, छाट कलम, तुळस

प्रस्तावना

प्रस्तुत लेखकाची थोरली बहीण विवाहानंतर कॅनडातील टोरोंटो शहराजवळ स्थायिक झाली. तेथील पहिल्या उन्हाळ्यात तिने अंगणात लावलेली तुळस कमरेपर्यंत वाढली. ऑक्टोबरातील एका रात्री तापमान शून्याखाली गेले आणि सकाळी सर्व पाने उकडल्यासारखी काळी पडलेली आढळली. कार्तिकातील तुळशीविवाहाला अद्याप अवधी होता. दुसऱ्या वर्षी तिने सावध होऊन सप्टेंबरातच कुंडी घरात घेतली, दिवाणखान्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवली आणि माहेरच्या रिवाजाप्रमाणे रोज स्नानानंतर तांब्याभर पाणी घातले. महिन्याभरात पाने पिवळी पडून गळाली व खोड बुंध्याशी कुजले. दूरध्वनीवरून तिने विचारलेला प्रश्न साधा होता : “पहिल्या वर्षी थंडीने गेली हे समजले. दुसऱ्या वर्षी ऊब दिली, पाणी दिले, मग का गेली?”

वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाला या प्रश्नाचे उत्तर त्वरित देता यावयास हवे होते. ते देता आले नाही, ही या लेखामागील प्रेरणा होय. उष्ण कटिबंधात राहून आपण हिवाळा हा बागेचा सर्वांत प्रसन्न ऋतू मानतो. शेवंती, झेंडू, ॲस्टर यांची बहार आपल्याकडे हिवाळ्यातच असते. जेथे हिवाळा हा बागेचा अंत असतो तेथील उद्यानपरंपरेने या प्रश्नाची उत्तरे गेल्या तीन-चार शतकांत शोधली आहेत. त्यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ‘एकवर्षायू’ या संज्ञेचे दोन अर्थ

पाठ्यपुस्तकांत वनस्पतींचे एकवर्षायू, द्विवर्षायू व बहुवर्षायू असे तीन वर्ग सांगितले जातात. कार्ल लिनियस यांनी १७५३ मधील ‘स्पेसीज प्लँटॅरम’ या ग्रंथात हे भेद दर्शविण्यासाठी खगोलशास्त्रातील चिन्हे योजिली होती. एकवर्षायूसाठी सूर्याचे, द्विवर्षायूसाठी मंगळाचे आणि बहुवर्षायूसाठी गुरूचे चिन्ह होते. मंगळाची सूर्यप्रदक्षिणा सुमारे दोन वर्षांची व गुरूची सुमारे बारा वर्षांची, हे लक्षात घेतले म्हणजे या योजनेतील कल्पकता ध्यानात येते. ग्रहांच्या कक्षा मात्र निश्चित असतात. झाडांच्या आयुष्याचे तसे नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. मिरचीला लिनियस यांनी ‘कॅप्सिकम ॲन्यूअम’ असे नाव दिले. ‘ॲन्यूअम’ म्हणजे वार्षिक. परंतु उष्ण प्रदेशातील परसबागेत मिरचीचे झाड दोन-तीन वर्षे सहज टिकते व त्याचे खोड काष्ठमय होते. लिनियस यांची कर्मभूमी असलेले उप्साला हे स्वीडनमधील शहर सुमारे ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील उघड्या वाफ्यात मिरची एका उन्हाळ्यापलीकडे जगणे शक्य नव्हते.

तात्पर्य, ‘एकवर्षायू’ या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी सांगितल्या जातात. पहिला अर्थ जीवशास्त्रीय आहे. सूर्यफूल, झिनिया, कॉसमॉस, झेंडू यांसारख्या वनस्पती एकदा फुलून बी धरले की जीर्ण होऊ लागतात. त्यांच्या पानांतील नत्र व अन्य पोषकद्रव्ये बियांकडे वळविली जातात आणि झाड वाळते. या क्रियेचे नियंत्रण आंतरिक असते. सोयाबीनच्या शेंगा वेळोवेळी खुडल्यास पाने पिवळी पडणे लांबते, ही गोष्ट त्याचीच साक्ष देते. बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी २००८ मध्ये ॲराबिडॉप्सिस या एकवर्षायू वनस्पतीतील फुलण्याशी संबंधित दोन जनुके निष्क्रिय केली, तेव्हा ती वनस्पती पुनःपुन्हा फुलू लागली व तिचे खोड काष्ठमय झाले. खऱ्या एकवर्षायू वनस्पतीतही आयुष्याची मर्यादा किती थोड्या जनुकांवर अवलंबून असू शकते, हे यावरून दिसते.

दुसरा अर्थ उद्यानविद्येतील व व्यापारातील आहे. ‘या ठिकाणी जे झाड पुढील हिवाळा पाहणार नाही ते एकवर्षायू’, असा तो अर्थ होय. दक्षिण आफ्रिकेतील पेलार्गोनियम, आग्नेय आशियातील कोलियस, पूर्व आफ्रिकेतील बाल्सम-वर्गीय इम्पेशन्स, दक्षिण अमेरिकेतील मेणपानी बिगोनिया आणि मादागास्करची सदाफुली ही सर्व झाडे उत्तर अमेरिका व युरोपच्या रोपवाटिकांत एकवर्षायू म्हणून विकली जातात. आपल्या सह्याद्रीत उपटून न संपणारी घाणेरी म्हणजे लँटाना हीदेखील तेथे नाजूक एकवर्षायू म्हणून कुंडीत विकली जाते आणि हौशी लोक ती हिवाळ्यात जपून तळघरात ठेवतात. एकच वनस्पती एका भूमीत उपद्रवी तण ठरते आणि दुसरीत एका ऋतूची पाहुणी. मराठीतील ‘हंगामी फुलझाडे’ हा शब्द या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटतो. तो झाडाच्या आयुष्याविषयी काही न सांगता केवळ हंगामाविषयी सांगतो.

घरातील हिवाळी संगोपन यशस्वी होणार की नाही, याचा पहिला निर्णय या दोन अर्थांतील भेदावर होतो. झिनिया किंवा कॉसमॉस कितीही काळजीपूर्वक घरात आणले तरी ते टिकणार नाही. त्याचे बी राखणे हाच त्याचा हिवाळा होय. पेलार्गोनियम किंवा कोलियस यांच्या बाबतीत मात्र आपण झाडाला त्याचा मूळ स्वभाव परत देत असतो.

२. थंडीने होणारी इजा

थंडीने वनस्पतीस होणारी इजा दोन प्रकारची असते. पहिली शीत-इजा. उष्ण प्रदेशातील अनेक वनस्पतींना गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, म्हणजे साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसखालीच अपाय होऊ लागतो. पेशीपटलातील स्निग्ध पदार्थ या तापमानाला आपला प्रवाहीपणा गमावतात, पटलातून क्षार झिरपू लागतात व श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांचा मेळ बिघडतो. तुळशीच्या कुळातील पाने शीतकपाटात काळी पडतात, ती यामुळे.

दुसरी गोठण-इजा. तापमान शून्याखाली गेल्यावर बर्फ प्रथम पेशींच्या मधल्या पोकळ्यांत तयार होतो. हा बर्फ पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आतून शुष्क होते, आकसते आणि बर्फ वितळताना तिचे फाटलेले पटल पाणी धरून ठेवू शकत नाही. म्हणून हिमतुषारानंतरची पाने उकडल्यासारखी मऊ व पाणचट दिसतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात ज्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्या पहाटे आपल्याकडेही हे दृश्य दिसू शकते. थंड प्रदेशातील वृक्ष शरद ऋतूत पेशींत शर्करा साठवून व पटलांची रचना बदलून या संकटाची पूर्वतयारी करतात. उष्ण प्रदेशातून आलेल्या झाडांपाशी ही तयारी नसते.

कोणते झाड कोठे बाहेर टिकेल याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेच्या कृषी विभागाने वनस्पती-काटकपणाचा नकाशा तयार केला आहे. वर्षातील नीचतम तापमानाच्या सरासरीवरून देशाचे १३ विभाग पाडले असून प्रत्येक विभाग १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ५.६ अंश सेल्सिअसचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची आवृत्ती १९९१ ते २०२० या काळातील नोंदींवर आधारित आहे. ‘एकवर्षायू’ या शब्दाचा व्यापारी अर्थ वस्तुतः या नकाशावरच अवलंबून असतो. विभाग बदलला की अर्थ बदलतो.

३. काचघरांचा वारसा

झाडांना हिवाळ्यात घर देण्याची युरोपीय प्रथा संत्र्यांपासून सुरू झाली. सतराव्या शतकात राजेरजवाडे व श्रीमंत लोक लिंबूवर्गीय झाडांच्या कुंड्या ठेवण्यासाठी ‘ऑरेंजरी’ नावाच्या दक्षिणाभिमुख, उंच खिडक्यांच्या इमारती बांधीत. फ्रान्समधील व्हर्साय येथील ऑरेंजरी १६८४ ते १६८६ या काळात ज्यूल आर्दुआँ-मांसार यांनी उभारली. केप प्रांतातून युरोपात आलेली पेलार्गोनियमची झाडेही अशाच आश्रयाने टिकली. लिनियस यांनी त्यांचा समावेश ‘जिरॅनियम’ या प्रजातीत केला होता. १७८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लेरित्ये यांनी ‘पेलार्गोनियम’ ही स्वतंत्र प्रजाती प्रस्थापित केली. व्यवहारात मात्र ‘जिरॅनियम’ हेच नाव आजही चालते.

इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाला आणि काचघर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. व्हिक्टोरियन काळातील रंगीत ताटव्यांची पद्धत याच पायावर उभी राहिली. उन्हाळ्याच्या अखेरीस माळी पेलार्गोनियमची छाट कलमे घेत, ती काचघरात हिवाळाभर जपत आणि मे महिन्यात पुन्हा ताटव्यांत लावीत. ज्यांना आज एका ऋतूची झाडे समजतात, ती त्या काळी माळ्यांच्या हातून वर्षानुवर्षे चालत आलेली झाडे होती.

या आश्रयाची किंमतही इतिहासाने नोंदविली आहे. जोसेफ पॅक्स्टन यांनी चॅट्सवर्थ येथे उभारलेले भव्य काचघर कोळशाच्या भट्ट्यांनी उबदार ठेवले जाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा मिळेनासा झाला, आतील झाडे मेली व १९२० मध्ये ते काचघर पाडण्यात आले. उसना उन्हाळा इंधनावर चालतो, हा धडा त्यातून मिळतो.

त्याच १९२० साली घडलेली दुसरी घटना विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातील गार्नर व ॲलार्ड यांच्यासमोर ‘मेरिलँड मॅमथ’ या तंबाखूच्या वाणाचे कोडे होते. उन्हाळ्यात शेतात हे वाण खूप उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात ठेवल्यास मात्र फुलत असे. तापमान, पोषण इत्यादी कारणे तपासल्यानंतर दिवसाची लांबी हे खरे कारण असल्याचे त्यांना आढळले. दीप्तिकालितेचा हा मूलभूत शोध थंडीपासून वाचविण्यासाठी आत ठेवलेल्या झाडांतून लागला, ही बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

४. प्रकाश व ऊब यांचा तोल

आता बहिणीच्या प्रश्नाकडे वळू. घरात आणलेली झाडे सहसा थंडीने मरत नाहीत. त्यांचे खरे कारण प्रकाश व ऊब यांचा बिघडलेला तोल हे असते.

मुंबईत डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. टोरोंटोत तो सुमारे ९ तासांचा, तर लंडनमध्ये ८ तासांहूनही किंचित कमी असतो. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य मुंबईत क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंचीवर, तर टोरोंटोत केवळ २३ अंशांवर असतो. त्यातच भर उन्हातील प्रदीपन सुमारे एक लाख लक्स असते, तर दिव्यांनी उजळलेल्या खोलीच्या मध्यभागी ते काही शेकडा लक्सच असते. आपल्या डोळ्यांना हा फरक तितका जाणवत नाही, कारण डोळा प्रकाशाशी जुळवून घेतो. पानाला ते शक्य नसते.

प्रकाशसंश्लेषणातून होणारी कमाई आणि श्वसनातून होणारा खर्च ज्या प्रकाशात समान होतात, त्यास समतोल-बिंदू म्हणतात. त्याखालील प्रकाशात झाड आपल्या साठ्यावर जगते. श्वसनाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. सर्वसाधारण मर्यादेत दर १० अंश वाढीस तो जवळपास दुप्पट होतो. अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यातील झाडाची कमाई नाममात्र आणि खर्च उन्हाळ्याइतका असतो. असे झाड उपाशी मरते. पाणी घालून ही उपासमार थांबत नाही. वाढ मंदावल्याने मुळे पाणी ओढत नाहीत, ओल्या मातीतील प्राणवायू कमी होतो व मूळकूज होते. दुसऱ्या वर्षीची तुळस ऊब आणि पाणी मिळूनही का गेली, याचे उत्तर येथे आहे.

यावरून एक नियम मांडता येतो : जितका प्रकाश देता येईल तितकीच ऊब द्यावी, आणि जितकी वाढ दिसेल तितकेच पाणी द्यावे. भरपूर प्रकाश असेल तर २० अंशांच्या आसपास झाड वाढते ठेवता येते. प्रकाश नसेल तर झाडाला सोसेल इतके तापमान उतरवून त्याला निजू द्यावे.

तिसरा घटक हवेतील आर्द्रतेचा आहे. बाहेरील उणे १० अंशांची, बाष्पाने संपृक्त असलेली हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापविली आणि तिच्यात बाष्पाची भर पडली नाही, तर तिची सापेक्ष आर्द्रता १० ते १२ टक्क्यांवर येते. स्वयंपाक, स्नान इत्यादींमुळे घरातील हवा प्रत्यक्षात इतकी कोरडी नसते. तरीही पानांच्या कडा करपण्यास व लाल कोळीचा उपद्रव वाढण्यास ती पुरेशी कोरडी असते.

५. संगोपनाचे चार मार्ग

वरील नियमाच्या आधारे प्रचलित पद्धतींचे चार मार्गांत वर्गीकरण करता येते.

(अ) वाढते झाड म्हणून ठेवणे : मेणपानी बिगोनिया, इम्पेशन्स, कोलियस व मिरची यांसाठी हा मार्ग योग्य आहे. झाड एक-तृतीयांश ते निम्मे छाटून दक्षिणेकडील खिडकीत ठेवतात. हिवाळ्यात सूर्य खालून जात असल्याने दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते. उत्तरेच्या खिडकीतून ते येतच नाही. प्रकाश अपुरा असल्यास झाडाच्या शेंड्यापासून १५ ते ३० सेंटीमीटर उंचीवर एलईडी दिवा दिवसाला १२ ते १४ तास लावतात. खत बंद ठेवतात.

(आ) छाट कलमांच्या रूपाने ठेवणे : मोठ्या झाडाऐवजी त्याची लहान प्रतिकृती जपावयाची, हे यामागील तत्त्व आहे. ८ ते १० सेंटीमीटर लांबीचा निरोगी, फुले नसलेला शेंडा पेराच्या खाली कापून खालची पाने काढतात. कोलियस व इम्पेशन्स यांना पाण्यातही मुळे फुटतात. पेलार्गोनियमचा काप काही तास सुकू देऊन मग वाळूमिश्रित हलक्या मातीत लावतात, अन्यथा तो कुजतो. कलम लहान असल्याने त्यास जागा व प्रकाश कमी लागतो आणि जून झाडापेक्षा ते घराशी लवकर जुळवून घेते.

(इ) सुप्तावस्थेत ठेवणे : पेलार्गोनियमचे खोड मांसल असते व मूळ प्रदेशातील कोरडा काळ काढण्याची क्षमता त्याच्या अंगी असते. तिचा उपयोग करून जुने माळी ही झाडे मुळांसकट उपटून, माती झटकून, ७ ते १० अंशांच्या कोरड्या तळघरात उलटी टांगीत किंवा कागदी पिशवीत ठेवीत. महिन्यातून एकदा मुळे तासाभर पाण्यात बुडवून पुन्हा कोरडी करीत. पाने गळतात, पण झाड जिवंत असते. नखाने साल किंचित खरवडून आतील भाग हिरवा दिसला तर आशा सोडू नये. लँटाना व फ्यूशिया कुंडीसह अशाच थंड जागी, जवळजवळ कोरड्या मातीत ठेवतात. डेलिया व कर्दळ यांचे कंद हिमतुषाराने पाने काळी पडल्यावर काढून कोरड्या भुशात किंवा किंचित ओलसर वाळूत ठेवतात. मात्र ते गोठू देत नाहीत.

(ई) बियांच्या रूपाने ठेवणे : खऱ्या एकवर्षायूंसाठी हाच मार्ग आहे. संकरित वाणांच्या बियांपासून मूळ झाडासारखीच संतती मिळेल याची खात्री नसते.

६. संक्रमणकाळातील काळजी

झाड आत आणण्याची वेळ हिमतुषाराने ठरवू नये. रात्रीचे तापमान १० अंशांकडे उतरू लागले की तयारी सुरू करावी. उन्हात वाढलेली पाने जाड असतात व त्यांची रचना तीव्र प्रकाशासाठी झालेली असते. ती एकदम खोलीत आल्यास गळतात. म्हणून आठ-दहा दिवस झाड प्रथम बाहेरच सावलीत ठेवून मग आत न्यावे. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण व लाल कोळी यांच्यासाठी पानांची खालची बाजू तपासून झाड पाण्याने धुवावे आणि दोन आठवडे इतर झाडांपासून वेगळे ठेवावे. बाहेर या किडींना भक्षक कीटक आवरतात. घरात त्यांना शत्रू नसतो.

वसंतात उलट क्रम पाळावा लागतो. हिमतुषाराचे भय संपल्यावर झाड प्रथम दिवसा एखादा तास सावलीत, मग सकाळच्या उन्हात आणि सात ते दहा दिवसांनी पूर्ण वेळ बाहेर ठेवतात. हिवाळाभर जपलेले झाड या शेवटच्या आठवड्यातील उतावीळपणाने करपल्याची उदाहरणे अनेक आहेत.

७. तुळस : एक विशेष उदाहरण

तुळस ही बहुवर्षायू, बुंध्याशी काष्ठमय होणारी वनस्पती आहे. परंतु ती अल्पायुषी असून बी धरल्यानंतर लवकर जून होते. तिला ऊन भरपूर लागते आणि थंडी सोसत नाही. त्यामुळे ‘थंड जागी निजवणे’ हा मार्ग तिला लागू पडत नाही. तिच्यासाठी पहिला व दुसरा मार्ग एकत्र योजावा लागतो. मूळ झाड दक्षिणेच्या खिडकीत दिव्याखाली ठेवावे आणि ऑगस्टअखेरीस दोन-तीन छाट कलमे पाण्यात मुळावून लहान कुंड्यांत लावावीत. मंजिऱ्या वेळीच खुडाव्यात. काही मात्र बियांसाठी राखाव्यात.

नित्य पाणी घालण्याचा प्रश्न केवळ उद्यानविद्येचा नाही. ज्या घरात तुळशीला पाणी घालणे हा दिनक्रमाचा भाग आहे, तेथे ‘आठवड्यातून एकदाच पाणी द्या’ हा सल्ला रुचणारा नाही. बहिणीने यावर स्वतःच तोड काढली. रोज पळीभर पाणी ती कुंडीखालील ताटलीत सोडते व ताटली पुसून घेते. मातीला पाणी मात्र बोटाने ओल पाहूनच देते. तुळशीविवाह तेथे खिडकीपाशीच होतो. गेली तीन वर्षे मूळ झाडाचीच कलमे तिच्याकडे चालत आली आहेत.

८. आर्थिक व कायदेशीर बाजू

२० वॅटचा एक दिवा रोज १४ तास, १५० दिवस लावल्यास ४२ युनिट वीज लागते. दोन-चार कुंड्यांसाठी हा खर्च फार नाही. पण चार-पाच रुपांतरे केलेल्या खोल्या आणि डझनावारी झाडे झाली की नवीन रोपे घेणे स्वस्त पडते. म्हणून कोणती झाडे ठेवावयाची, याची निवड करणे भाग असते. ज्या झाडाला पर्याय नाही, जे जुन्या वाणाचे आहे किंवा ज्याच्याशी आठवण जोडलेली आहे, त्याला प्राधान्य द्यावे. तळघरात निजणाऱ्या पेलार्गोनियमला मात्र दिव्याचाही खर्च नाही. चॅट्सवर्थच्या काचघराहून हा मार्ग अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अमेरिकेत १९३० च्या वनस्पती-पेटंट कायद्यानुसार कलमांनी वाढविल्या जाणाऱ्या नव्या वाणांना पेटंट मिळते. आजच्या अनेक शोभिवंत वाणांना असे संरक्षण असते. विकत घेतलेले झाड हिवाळ्यात जपणे यात बसते. परवानगीविना त्याची कलमे करणे बसत नाही. आपल्याकडे २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क मान्य केला आहे. विधी, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र या तिन्ही विभागांनी एकत्र चर्चा करण्याजोगा हा विषय आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

आपण वर्गात आयुर्मानाचे वर्गीकरण एका तक्त्यात शिकवितो व परीक्षेत तोच तक्ता मागतो. विद्यार्थी मिरची, वांगे व टोमॅटो यांस निःशंकपणे एकवर्षायू लिहितो आणि घरी परसातील दोन वर्षांच्या मिरचीची फळे खातो. पुस्तक व परसबाग यांत विसंगती आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण ती विचारण्याची संधी आपण दिलेली नसते. याकरिता दोन साधे उपक्रम सुचवावेसे वाटतात. पहिला, विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील दहा ‘एकवर्षायू’ झाडांचा मूळ प्रदेश शोधून तेथील त्यांचे आयुर्मान नोंदवावे. दुसरा, कोलियसची समान छाट कलमे उबदार-प्रकाशित, उबदार-अंधाऱ्या व थंड-प्रकाशित अशा तीन जागी ठेवून सहा आठवडे निरीक्षण करावे. दुसऱ्या प्रयोगास प्रयोगशाळेतील महागडे उपकरण लागत नाही आणि श्वसन व प्रकाशसंश्लेषण यांचा जमाखर्च विद्यार्थ्यास डोळ्यांनी दिसतो.

समारोप

एखादी वनस्पती किती जगते, या प्रश्नाचे उत्तर ‘कोठे’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही. काही वनस्पतींचा अंत त्यांच्या बीजातच लिहिलेला असतो, तर काहींचा अंत त्यांना ज्या भूमीत नेले गेले तेथील ऋतू लिहितात. घरातील हिवाळी संगोपन दुसऱ्या प्रकारच्या झाडांपुरते शक्य आहे. आणि तेथेही केवळ ऊब व पाणी यांनी काम भागत नाही, प्रकाशाच्या मापाने ऊब आणि वाढीच्या मापाने पाणी द्यावे लागते. बहिणीच्या प्रश्नाचे हे उत्तर तिला दोन हिवाळे उशिरा मिळाले. आपल्या विद्यार्थ्यांना ते वेळेवर मिळावे, एवढीच अपेक्षा आहे.